डोंगरापलीकडचे पाणी मोजणारी सुई

मित्रांनो, मी एक जुनी सुई आहे, पण दोरा घेऊन पुढे येऊ नका, कारण मला नेढे नाही. माझे काम पाण्याची पातळी मोजण्याचे. पितळेची एक उभी पट्टी, तिच्यावर मिलिमीटरच्या बारीक रेघा, शेजारी सरकणारे व्हर्निअर आणि खाली वीतभर लांबीची टोकदार पोलादी काडी, एवढाच माझा संसार. जर्मन लोक मला श्टेखपेगेल म्हणतात. नाव भारदस्त असले तरी माझे वजन जेमतेम किलोभर आहे.

माझा जन्म १९६३ सालचा. ज्या कारागिराने मला घडवले, त्याने माझे टोक भिंगाखाली धरून दोन दिवस घासले. तिसऱ्या दिवशी त्याची बायको जेवायला बोलवायला आली, तर हा म्हणाला, ‘अजून केसभर बाकी आहे.’ त्याचा तो हट्ट माझ्या अंगात उतरला आहे. अर्धा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असे कुणी म्हणाले, की माझ्या अंगाचा अजूनही तिळपापड होतो.

कारखान्यातून मी थेट बर्लिनला आले, एका जलप्रयोगशाळेत. गोदामासारखे लांबरुंद सभागृह, छताला यारी, जमिनीखाली पाण्याच्या टाक्या. इथे नद्या सिमेंटच्या असतात. जगात कुठे धरण बांधायचे असले, बंदर खणायचे असले, की आधी त्याची लहानशी प्रतिकृती इथे बांधतात, तिच्यात पाणी सोडतात आणि ते कसे वागते ते बघतात. पाणी किती आले हे विचारायचे मला. मला हळूहळू खाली आणतात, तेव्हा पाण्यातून माझेच प्रतिबिंब टोक वर करून मला भेटायला येते. दोन्ही टोके जिथे टेकतील तिथे थांबायचे आणि आकडा वाचायचा. काम संपले की त्या नद्या घणाने फोडतात, कारण पुढची नदी दारात उभी असते. मी अशा तिसावर नद्या बांधताना आणि फुटताना पाहिल्या. सुरुवातीला फार वाईट वाटायचे. पुढे सवय झाली.

पण २००५ साली जी नदी आली, तिची गोष्टच निराळी होती.

ती दक्षिण अमेरिकेतली होती. तिथे आभाळाला टेकलेली डोंगरांची रांग आहे. रांगेच्या पूर्वेला ढग, जंगल आणि बारमाही नदी. पश्चिमेला समुद्रापर्यंत नुसती कोरडी माती, वर्षानुवर्षे पावसाचा थेंब नाही. माती मात्र अशी कसदार, की पाणी दाखवा आणि पीक घ्या. तिथल्या लोकांनी ठरवले, की डोंगराच्या पोटातून पंधरा किलोमीटरचा बोगदा काढायचा आणि नदीचे थोडे पाणी इकडे वळवायचे. मित्रांनो, मी आयुष्यभर पाणी पाहिले. ते सोपी वाट शोधते, उतार दिसेल तिकडे जाते. त्याला डोंगरातून घरी बोलवायचे हे माणसालाच सुचू जाणे! ते नकाशे भिंतीवर लागले, तेव्हा मी मनातल्या मनात त्या माणसांना हात जोडले होते.

आमच्याकडे आली ती बोगद्याच्या तोंडाची प्रतिकृती. अख्खा बोगदा काही सभागृहात मावणार नव्हता. सिमेंटच्या नदीकाठी बोगद्याचे तोंड, पुढे पारदर्शक नळी, नळीच्या शेवटी एक लहान पाट आणि पाटाला व्ही आकाराची खाच. खाचेतून पाणी किती उंचीने वाहते त्यावरून बोगद्यातून किती पाणी आले ते कळते. त्या खाचेपाशी मला बसवले. म्हणजे डोंगरापलीकडे किती पाणी पोचेल, हा शेवटचा शब्द माझा होता.

या कामावर होती नंदिनी दातार. राहुरीकडची मुलगी, पीएचडीसाठी बर्लिनला आलेली. तिचे वडील कालव्यावर पाटकरी होते. कुणाच्या शेताला कधी पाणी सोडायचे ते बघायचे. त्यामुळे कालव्याचे सगळे रागलोभ तिला लहानपणापासून ठाऊक होते. पाणी थोडे कमी पडले, की सगळ्यात आधी कोरडे पडते ते कालव्याचे शेपूट, हे तिला पुस्तकातून शिकावे लागले नव्हते. या कालव्याच्या शेपटालाही दोन गावे होती. नदी सर्वांत बारीक असते त्या महिन्यात ठरलेले शंभर भाग पाणी बोगद्यातून आले, तरच त्यांना ते पोचणार होते. अठ्ठ्याण्णव आले, तर त्या गावांची शाखा खोदण्यात अर्थ नव्हता. नंदिनीने त्या दोन गावांभोवती नकाशावर पेन्सिलीने गोल केला होता आणि रोज कामाला लागण्यापूर्वी ती तिकडे एकदा बघायची.

तिच्या वर कार्यशाळेचे माइस्टर, म्हणजे मुख्य कारागीर होते, हेर मेनर्ट. साठीला टेकलेले, सायकलवर येणारे, दिवसाला मोजून वीस वाक्ये बोलणारे. त्यांची एक शिस्त होती. मोजमाप सुरू करण्यापूर्वी शून्य बघायचे आणि संपल्यावर पुन्हा शून्य बघायचे. पाटातले पाणी उतरवून बरोबर खाचेच्या तळाशी आणायचे, ते आरशासारखे स्थिर होऊ द्यायचे आणि मला टेकवून आकडा लिहून ठेवायचा. याला चांगले दोन तास लागतात, म्हणून रोज कुणी करत नाही. फक्त सुरुवातीला आणि शेवटी.

ऑक्टोबरात बारीक नदीची मोजमापे सुरू व्हायची होती. सोमवारी संध्याकाळी नंदिनीने शून्य घेतले. अगदी चोख. मंगळवारी खंडेनवमी होती.

सकाळी आईचा फोन आला. नंदिनीने तो माझ्या शेजारी उभी राहूनच घेतला.

“अगं, तुझ्याकडे पुजायला काही आहे की नाही?” आई विचारत होती.

“आहे ना. माझी सुई आहे.”

“मग तिला कुंकू लाव. आणि आज तिला कामाला लावू नकोस हं, आज हत्यारांना सुट्टी.”

नंदिनीने पिशवीतून कुंकवाची डबी काढली आणि मेणाची एक छोटी डबी काढली. गुळगुळीत पोलादावर कोरडे कुंकू टिकत नाही, म्हणून आधी मेणाचे बोट आणि त्यावर कुंकू, अशी तिच्या आईची पद्धत. माझ्या पितळी खांद्यावर लावले असते तरी चालले असते. पण तिने विचार केला असावा, की ही कष्ट करते ती टोकाने, तर मान टोकाला मिळाला पाहिजे. तिने माझ्या टोकाला कुंकू लावले, एक झेंडू माझ्या पट्टीत अडकवला आणि हात जोडले. मित्रांनो, बेचाळीस वर्षांत मला कुणी नमस्कार केला नव्हता. मी इतकी फुलून गेले, की टोकाला काय लागले आहे याचे मला भानच राहिले नाही.

दसऱ्याच्या सकाळी तिने मऊ फडक्याने कुंकू पुसले. लाल रंग निघून गेला. मेण मात्र राहिले, टोकाखाली, जोंधळ्याच्या दाण्यापेक्षाही बारीक, पाण्यासारखे पारदर्शक. नंदिनीने शून्य पुन्हा बघितले नाही. काल दिवसभर मला कुणी कामाला लावले नव्हते, तर शून्य हलेल कसे? तिचा हिशेब सरळ होता. सणाच्या मुहूर्तावर तिने पाणी सोडले आणि मला खाली आणले. माझ्या आधी मेण पाण्याला टेकले. पाऊण मिलिमीटर आधी.

नऊ दिवस मी खोटे बोलत होते. प्रत्येक वेळी पाणी होते त्याहून वर सांगत होते. मला कळत होते. पण आम्हाला तोंड नाही. मला ओरडून सांगावेसे वाटे, ‘अगं, थांब, माझ्या टोकाकडे बघ.’ ती व्हर्निअरवर डोळा लावून आकडा वाचायची आणि वहीत लिहायची. त्या खाचेत पाऊण मिलिमीटर म्हणजे शंभरात जवळजवळ अडीच भाग. सगळी बेरीज झाली तेव्हा उत्तर आले शंभर, आणि वर थोडेसे. नंदिनीने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतले. आनंदाने तिचे डोळे भरले होते.

गुरुवारी तिकडून पाहुणे आले. त्यांच्यात पाटबंधारे खात्याच्या इंजिनिअर बाई होत्या, इनेस नावाच्या. त्यांना वाहते पाणी दाखवायचे म्हणून पाट उतरवला नव्हता, शेवटचे शून्य शुक्रवारवर टाकले होते. इनेसबाईंनी नकाशावरच्या पेन्सिलीच्या गोलावर बोट ठेवले आणि विचारले, “यांनाही?”

“यांनाही,” नंदिनीचे प्रोफेसर म्हणाले.

इनेसबाईंनी तिथेच फोन काढला, कुणाला तरी स्पॅनिशमध्ये काही सांगितले आणि पलीकडून इतका मोठा आवाज झाला, की त्यांना फोन कानापासून लांब धरावा लागला. मला त्या पाटात बुडून जावेसे वाटले.

शुक्रवारी दुपारी सभागृह रिकामे होऊ लागले. जर्मन माणूस शुक्रवारी एकच्या पुढे थांबत नाही. सोमवारी सकाळी घण येणार होते, कारण कुठल्याशा बंदराची प्रतिकृती जागेसाठी खोळंबली होती. नंदिनीने पाणी उतरवले, स्थिर होऊ दिले आणि मला टेकवले. आकडा वाचला. पुन्हा वाचला. मग मला वर घेऊन भिंगाखाली धरले. तिचा चेहरा पांढरा पडला. टोकाखाली मेणाचा थेंब चमकत होता.

तेवढ्यात श्यामकांत आला. तो शेजारच्या सभागृहात लाटांवर पीएचडी करायचा, पुण्याचा. तिच्याहून दोन वर्षांनी मोठा आणि सल्ला देण्यात दहा वर्षांनी. तिने त्याला सगळे सांगितले.

“अगं, अडीच टक्के!” तो म्हणाला. “मेसुंग म्हटली, कुठलंही मोजमाप म्हटलं, की एवढं इकडेतिकडे होतंच. पूस ते मेण आणि चल जेवायला, मेन्सा बंद होईल.”

“अरे, पण ते अडीच टक्के म्हणजे ती दोन गावं आहेत.”

“सोमवारी मॉडेल फुटणार. कुणाला कळणारे?”

“मला कळलंय ना.”

श्यामकांतने आवाज खाली आणला. “आणि प्रोफेसरांना सांगणार काय? खंडेनवमी केली म्हणून? बाई गं, उद्यापासून आपण सगळे इथे उदबत्तीवाले होऊ. तुझ्यानंतर येणाऱ्या पोरांकडेही त्याच नजरेने बघतील. स्टिपेंडिउमचे पैसे डिसेंबरात संपतायत तुझे, आता हे निस्तरत बसणारेस?”

तो वाईट माणूस नव्हता. तिला वाचवायलाच बघत होता. आणि त्याचे शेवटचे बोलणे तिला लागले, हे मी पाहिले. स्वतःची फजिती तिने सोसली असती. आपल्या घरच्या सणाचे हसे व्हावे, आईच्या हातच्या मेणाचे हसे व्हावे, हे तिला सोसवत नव्हते. तिने फडके उचलले. ते माझ्या टोकापर्यंत आणले. एक पुसणे, की झाले असते. मीही वाचले असते आणि तीही.

तिने फडके खाली ठेवले. मला तशीच, मेणासकट, हातात घेतले आणि ती कार्यशाळेकडे धावत गेली.

हेर मेनर्ट डोक्यावर हेल्मेट चढवून सायकलचे कुलूप काढत होते.

“हेर मेनर्ट, माझे सगळे आकडे चुकलेत,” नंदिनी म्हणाली. 

त्यांनी मला घेतले, उजेडात धरले. “हे काय आहे?”

“मेण.”

“माझ्या कार्यशाळेत मेण नाही, फ्राउ दातार.”

“माझं आहे.” आणि तिने सांगून टाकले. खंडेनवमी, कुंकू, हत्यारांची सुट्टी, सगळे. सांगताना तिचे कान लाल झाले होते.

हेर मेनर्टनी मला बोटांत फिरवून पाहिले. मग विचारले, “आल्झो, म्हणजे वर्षातून एक दिवस तुम्ही हत्याराकडून काम घेत नाही?”

“नाही.”

“आणि त्याला नमस्कार करता?”

“हो.”

“मग चूक नमस्काराची नाही,” ते म्हणाले. “नमस्कार झाल्यावर शून्य बघितलं नाहीत, ती चूक.”

त्यांनी हेल्मेट काढून खिळ्याला टांगले. पंचवीस वर्षांत शुक्रवारी दुपारी त्यांनी हेल्मेट काढलेले मी पाहिले नव्हते. त्यांनी पहिला फोन घणवाल्यांना केला आणि दुसरा प्रोफेसरांना. प्रोफेसरांचा आवाज फोनमधूनही थंडगार ऐकू येत होता. त्यांनी एवढेच सांगितले, की पाहुण्यांना पत्र नंदिनीने स्वतः लिहायचे, कारणासकट लिहायचे आणि सोमवारपासून पुन्हा मोजायचे.

तिने पत्र लिहिले. मेण कुठून आले तेही लिहिले, एक शब्द न लपवता. चार दिवसांनी इनेसबाईंचे उत्तर आले. ते अगदी लहान होते. ‘मी त्या दोन गावांत जाऊन आले. आनंद साजरा झाला होता, तो मला परत घ्यावा लागला. त्यांनी एकच विचारले, की आता खरा आकडा किती? मेणाबद्दल त्यांनी काही विचारले नाही.’

खरा आकडा साडेसत्त्याण्णव निघाला. त्यानंतर मात्र नंदिनी जी पेटली! हे पाणी अडते कुठे, हे शोधायला तिने नदीत कागदाचे कपटे सोडले, जांभळा रंग सोडला आणि तासन्‌तास पालथी पडून बोगद्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तोंडाची वरची कड काटकोनात होती. पाणी तिथे ठेचकाळून भोवरा धरत होते. हेर मेनर्टनी प्लास्टर कालवून ती कड गोलसर केली. पहिला आकार फुकट गेला. दुसऱ्याने पाव भाग वाढला. तिसऱ्याने होते तेही घालवले. माइस्टर प्रत्येक वेळी काही न बोलता प्लास्टर फोडायचे आणि नवे लावायचे. शून्य आता सकाळी बघितले जाई आणि संध्याकाळीही. त्यात रोजचे चार तास जात. पण त्या चार तासांवर दोघांपैकी कुणीही कधी कुरकुरले नाही.

तिच्या प्रबंधाची तारीख सहा महिने पुढे गेली. डिसेंबरातले विमानाचे तिकीट रद्द झाले. धाकट्या बहिणीचे, ऋचाचे लग्न तिने माझ्या शेजारच्या स्टुलावर बसून, फोन कानाला लावून ऐकले. मंगलाष्टका संपून टाळ्या वाजल्या, तेव्हा तिने खिशातले चार तांदूळ हातात घेतले, इकडेतिकडे पाहिले आणि पाण्यात टाकले. मग जाळीने ते काढूनही घेतले. मोजमाप चालू होते ना! मला तिची फार माया वाटली.

पाचवा आकार माशाच्या तोंडासारखा होता. मला खाली आणले. माझे टोक स्वच्छ होते, पाणी स्थिर होते आणि माझे प्रतिबिंब मला भेटायला वर आले. नंदिनीने आकडा वाचला. मग ती बाजूला झाली आणि हेर मेनर्टनी वाचला. शंभर, आणि वर अर्धा भाग.

“गेनाऊ,” म्हणजे ‘अगदी बरोबर’, असे ते म्हणाले आणि चष्मा पुसू लागले. त्यांनी तो खूप वेळ पुसला.

त्या वेळी मी जे बोलले, ते खरे होते. आयुष्यात हजारो आकडे सांगितले, पण तसा आनंद मला पुन्हा झाला नाही.

जानेवारीत घण आले आणि ती नदीही फुटली. पुढे नंदिनी डॉक्टर झाली आणि निघून गेली. २००८ साली प्रयोगशाळेत आवाजाच्या लहरींनी पातळी मोजणारी यंत्रे आली. त्यांना पाण्याला टेकावेही लागत नाही. मला एका कपाटात ठेवले. पितळ काळे पडले, व्हर्निअर अडकू लागले. कुणी मुद्दाम वाईट वागले असे नाही, पण माझ्यावर विसंबून राहणारे कुणी उरले नाही आणि ते मला लागले.

पुढच्या उन्हाळ्यात हेर मेनर्ट निवृत्त होण्याच्या आठवड्यात त्यांनी कपाट उघडले. हातात एक पाकीट होते. त्यातला फोटो त्यांनी माझ्यासमोर धरला, जणू मला डोळे आहेत. बोगदा सुरू झाला होता. फोटोत कालव्याचे अगदी शेवटचे टोक होते, पाणी जेमतेम चार बोटे खोल. काठावर एक म्हातारी बाई उकिडवी बसली होती आणि पाण्याला बोटाचे टोक लावून बघत होती. मागे कोवळी हिरवी रोपे दूरपर्यंत गेली होती. फोटोच्या पाठीमागे इनेसबाईंनी लिहिले होते, ‘पोचलं.’

हेर मेनर्टनी मला तेल दिले, पितळ घासले आणि फोटो कपाटात माझ्या शेजारी उभा केला. आता मी आणि ती म्हातारी, आम्ही दोघी एकमेकींकडे बघत असतो.

मित्रांनो, तुमच्या घरातही आमच्यातली कुणीतरी असेल. तापमापी असेल, वजनकाटा असेल, नाहीतर कंपासपेटीतली मोडकी पट्टी असेल. तिला जपा, पुसा आणि हो, मनात आले तर नमस्कारही करा. आम्हाला तो फार आवडतो. पण तिचा आकडा कुणाला सांगण्याआधी एकदा तिचे शून्य बघा. आपण चुकत आहोत हे आम्हाला कळते, सांगता मात्र येत नाही. ते तुम्हालाच विचारावे लागते. आणि चूक सापडली, तर फडके लगेच उचलू नका. आधी कुणाला तरी सांगा. कारण आमच्या शब्दावर विसंबून दूर कुठेतरी कुणी आपले शेत नांगरून ठेवलेले असते.